इंदूर-नाशिक : गाडीचा आकडा आणि वहीतला आकडा

इंदूरहून नाशिकला जाणारा रस्ता आम्हां माळव्यातल्या मराठी घरांना नवा नाही. कुणाचे माहेर नाशिकला, कुणाची कुलस्वामिनी चांदवडची रेणुका, तर कुणाच्या घरातल्या अस्थी शेवटी रामकुंडावर न्यायच्या. त्यामुळे वर्षाकाठी एक-दोन खेपा ठरलेल्या असतात. सरकारदरबारी तो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. पुढे क्रमांक बदलले. इंदुरात मात्र तो अजून ए. बी. रोडच आहे आणि नाशिकात मुंबई-आग्रा रोड. अंतर सुमारे चारशे दहा किलोमीटर.

गेल्या वैशाखात या रस्त्याने आमची चांगलीच फजिती केली. फजिती केली असे म्हणणे रस्त्यावर अन्याय करण्यासारखे आहे. चूक आमची होती. आणि ती होण्यास निमित्त झाला मोटारीच्या समोरच्या फळीवर उजळणारा एक आकडा.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही अक्का म्हणतो, त्या नाशिकला एकट्या राहतात. वय ऐंशीच्या घरात. आयुष्यभर प्राथमिक शाळेत गणित शिकवले. एके दिवशी दुपारी तीनच्या सुमारास त्यांच्या शेजाऱ्यांचा दूरध्वनी आला : अक्का न्हाणीघरात पडल्या आहेत, खुब्याचे हाड मोडले आहे, उद्या सकाळी शस्त्रक्रिया करावी लागेल, घरचे कोणी यावे. चार वाजता आम्ही उभयता गाडीत बसलो होतो. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या थोडा वर होता. एरवी टाकी भरल्यावाचून आम्ही शहराबाहेर पडत नाही. पण त्या दिवशी भंवरकुव्याच्या गर्दीत पंपावर रांग पाहिली आणि पुढे निघालो. वाटेत कुठेही भरता येईल, असे वाटले.

महू मागे पडले, मानपूर आले आणि विंध्याचा उतार सुरू झाला. ज्यांनी हा घाट पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की माळव्याचे पठार इथे एकाएकी संपते आणि खाली निमाडचे मैदान पसरलेले दिसते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, तर खलघाटला नर्मदा दीडशे मीटरच्या आसपास. या उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की ती आपल्या वजनानेच धावते. इंजिन फिरत असते, पण त्यात पेट्रोलचा थेंबही जात नाही. आजच्या मोटारींत तशी योजनाच आहे. त्या वेळी समोरच्या पडद्यावर तात्कालिक मायलेजचा आकडा नव्व्याण्णवावर जाऊन थांबतो. तो पाहून मन सुखावते. सरासरीचा आकडाही हळूहळू चढू लागतो. इंदुरातून निघताना शहरातल्या फिरण्याने पंधरावर रेंगाळलेली आमची सरासरी खलघाटच्या पुलावर एकोणिसाला टेकली होती. सौभाग्यवतींनी नर्मदेला हात जोडले. आम्हीही जोडले, पण खरे सांगायचे तर एक डोळा त्या आकड्यावर होता.

पुढे ठीकरी, जुलवानिया. उन्हाने करपलेली कपाशीची रिकामी शेते दोन्ही बाजूंना. सातपुड्याच्या चढणीने सेंधवा गाठले. किल्ल्याची तटबंदी आणि जिनिंगचे कारखाने मागे टाकून बिजासनचा घाट उतरलो आणि पळासनेरला महाराष्ट्रात प्रवेश केला. शिरपूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अर्धी वाट संपली होती. पडद्यावर सरासरी होती २३ आणि त्याखाली लिहिले होते, शिल्लक पेट्रोलवर अजून २६४ किलोमीटर.

“अहो, इथे भरून घेऊ या,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“नाशिक इथून दोनशे पाच. गाडी दोनशे चौसष्ट म्हणते आहे. साठ किलोमीटर हाताशी आहेत. अक्का वाट पाहत असेल.”

“गाडी म्हणते आहे,” एवढेच त्या म्हणाल्या आणि गप्प बसल्या.

सावळद्याचा तापीचा पूल ओलांडला. धुळे आले, लळिंगच्या किल्ल्याची काळी आकृती डावीउजवीकडे सरकत मागे गेली. वारा अजून भट्टीसारखा होता, त्यामुळे वातानुकूलन पूर्ण जोरात. वेळ गाठायची म्हणून वेगही शंभराच्या पुढे. आमच्या लक्षात आले नाही ते हे, की शिरपूरपर्यंत आम्ही एकंदरीने चारशे मीटर खाली उतरलो होतो आणि आता तेवढेच पुन्हा चढायचे होते. नाशिकची उंची इंदुराहून फारशी वेगळी नाही, आणि चांदवड तर दोहोंच्याही वर. उतारावर गाडीने जे फुकट दिले होते, ते आता वसूल होऊ लागले. आपण एक किलोमीटर जावे आणि पडद्यावरचा शिल्लक आकडा दीड-दोनने घसरावा, असे चालले. मालेगाव सोडले तेव्हा हाताशी असलेले साठ किलोमीटर संपले होते. त्यानंतर दहाएक किलोमीटरवर पिवळा दिवा लागला, आणि दिवा लागताच शिल्लक अंतराचा आकडा नाहीसा होऊन त्या जागी नुसत्या तीन आडव्या रेघा आल्या. सर्वांत गरज होती त्याच क्षणी यंत्राने बोलणे बंद केले.

पुढे राहुड घाट. घाटात एक मालमोटार आडवी झालेली. मागे मैलभर दिव्यांची माळ. वातानुकूलन बंद करून, काचा खाली करून आम्ही बसलो. इंजिन बंद करावे तर रांग चार पावले सरके; चालू ठेवावे तर पेट्रोल जळे. चढावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला सरकते, त्यामुळे काटाही कधी शून्यावर टेके, कधी किंचित उठे. सव्वा तास गेला. त्या सव्वा तासात सौभाग्यवती आम्हांला एक शब्द बोलल्या नाहीत. नाशिकहून शेजाऱ्यांचा दोनदा दूरध्वनी आला : अक्का विचारताहेत, कुठवर आलात?

चांदवडच्या पंपावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. ३५ लिटरच्या टाकीत ३२ लिटर मावले. म्हणजे तीनच लिटर उरले होते. शिरपूर ते चांदवड हे एकशे चाळीसएक किलोमीटरचे अंतर आमच्या गाडीने लिटरला सतरालासुद्धा कापले नव्हते. आणि आम्ही मात्र तेविसाच्या भरवशावर निघालो होतो. मध्यरात्रीच्या सुमारास रुग्णालयात पोचलो. अक्का जाग्या होत्या. चेहरा वेदनेने ओढलेला, तरी आम्हांला पाहून म्हणाल्या, “अरे, चालत आलास की काय?”

शस्त्रक्रिया नीट पार पडली. आठवड्याने त्या घरी आल्या. वॉकर घेऊन चालू लागल्या. पण आता त्यांना महिन्यातून एकदा तरी आमच्यापैकी कोणी लागणार, हे उघड झाले. इंदूरला चला म्हटले तर ऐकेनात. “माझे औषधवाले, दूधवाले, शेजारी सारे इथे आहेत. तू ये आणि पेट्रोलचा निम्मा खर्च माझ्याकडून घे. घेत नसशील तर येऊ नकोस.” आम्हां दोघांचीही घरे पेन्शनीवर चालतात. पेट्रोलने लिटरला शंभरी कधीच ओलांडली आहे. तेव्हा प्रश्न असा आला, की एका फेरीला नेमके पेट्रोल लागते तरी किती?

गाडी म्हणत होती, सरासरी वीसच्या वर. पण राहुड घाटानंतर आमचा तिच्या शब्दावरचा विश्वास उडाला होता.

तेव्हा अक्कांनी कपाटातून एक वही काढायला लावली. कापडी बांधणीची, कडा खाल्लेली. आमच्या वडिलांची. त्यांच्या फियाटची ती रोजनिशी होती. तारीख, मीटरचे किलोमीटर, भरलेले लिटर, रुपये आणि शेरा, असे पाच रकाने. १९७८ सालच्या एका पानावर इंदूर-नाशिक प्रवासाला ३१ लिटर लागल्याची नोंद होती आणि शेऱ्यात : ‘घाटात दोनदा थांबलो. पाणी घातले. मुले आनंदात.’ त्या मुलांतली दोन आता ती वही पाहत बसली होती. वडिलांच्या गाडीत सरासरी दाखवणारे यंत्र नव्हते. पेन्सिल होती.

आम्हीही नवी वही आणली आणि कुतूहल म्हणून गाडीचा तो आकडा येतो कुठून, याचाही शोध घेतला. समजले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो.

गाडी टाकीतले पेट्रोल मोजतच नाही. इंजिनाला पेट्रोलचा फवारा देणाऱ्या सूक्ष्म तोट्या असतात, त्यांना इंजेक्टर म्हणतात. प्रत्येक तोटी सेकंदाच्या किती हजाराव्या भागापुरती उघडली, हे गाडीच्या संगणकाला ठाऊक असते, कारण तोच ती उघडतो. एका ठरावीक दाबाखाली एवढ्या वेळात एवढे पेट्रोल गेले असेल, असे गृहीत धरून तो बेरीज करीत जातो. चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर काढतो. अंतराला पेट्रोलने भागतो आणि उत्तर आपल्यासमोर दशांशासकट ठेवतो. त्या दशांशामुळेच आपण फसतो. २०.३ असे लिहिलेले पाहिले की वाटते, कोणीतरी मापाने मोजून पाहिले असावे. प्रत्यक्षात तो काळजीपूर्वक केलेला अंदाज असतो. तोटी जुनी झाली, पेट्रोलचा दाब किंवा तापमान बदलले, टायर झिजून त्याचा घेर कमी झाला, की बेरीज आणि भागाकार अचूक असूनही उत्तर थोडे चुकते. टायर झिजला की तेवढ्याच रस्त्यात चाकाच्या फेऱ्या अधिक होतात, आणि गाडी कापले त्याहून जास्त अंतर मोजते.

ही चूक आमच्याच गाडीत आहे असे नाही. अमेरिकेतील मोटारमालकांच्या मोठ्या संघटनेने, अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने, २०२२ साली प्रयोगशाळेत अशी तपासणी केली. सरासरी चूक दोन-अडीच टक्क्यांचीच निघाली, पण एखाद्या गाडीत ती सहा टक्क्यांच्या वर होती. युरोपीय संघात २०२१ पासून पेट्रोल-डिझेलच्या नव्या मोटारींत इंधन मोजून नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे, आणि तिची चूक पाच टक्क्यांहून अधिक असू नये असा दंडक आहे. म्हणजे नियमानेसुद्धा शंभरात पाचाची मुभा आहेच.

शिल्लक अंतराचा आकडा तर याहून कच्चा. गाडी नुकतीच ज्या सरासरीने चालली, त्याच सरासरीने पुढेही चालेल, असे मानून तो काढलेला असतो. पुढे घाट आहे की उतार, हे त्या हिशेबाला ठाऊक नसते. शिरपूरला यंत्र खोटे बोलले नव्हते. मागचा रस्ता कसा होता ते त्याने सांगितले. आम्ही ते पुढच्या रस्त्याविषयी समजलो.

मग खरे मोजायचे कसे? वडिलांच्या वहीतलीच रीत. टाकी पूर्ण भरावी. पंपाची नळी आपोआप ‘टक्’ करून थांबली की तिथेच थांबावे, वरून आणखी ओतू नये. किलोमीटर लिहावेत. गाडी वापरावी. पुन्हा, शक्यतो त्याच पंपावर, तसेच पहिल्या ‘टक्’पर्यंत भरावे. जितके लिटर मावले तितके या मधल्या अंतरात जळले. एका वेळच्या भरण्यात अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून एका भरण्यावरून निकाल देऊ नये. निदान पाच-सहा वेळा भरून एकत्र भागाकार करावा. पंपाच्या मापाची शंका असेल तर तीही फेडता येते. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे मुद्रांकित माप ठेवावेच लागते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात पेट्रोल मोजून दाखवावे लागते. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते, म्हणजे अर्धा टक्का. आम्ही एकदा मागितले. पंपावरच्या मुलाने आधी आमच्याकडे, मग मालकाकडे पाहिले. पण मोजून दाखवले, आणि माप चोख निघाले.

ज्येष्ठ, आषाढ आणि श्रावण, तीन महिन्यांत तीन फेऱ्या झाल्या. आषाढात नर्मदा गढूळ पाण्याने दोन्ही काठ भरून वाहत होती. श्रावणात सातपुडा इतका हिरवा झाला होता, की वैशाखातला रस्ता हाच का, असे वाटावे. या वेळी आम्हांला घाई नव्हती. चांदवडला वाट वाकडी करून रेणुकामातेचे दर्शन घेतले, अहिल्याबाईंच्या रंगमहालासमोर उभे राहिलो. आपल्या इंदूरच्या होळकरांचा हा वाडा एवढ्या दूर पाहताना माहेरचे माणूस भेटल्यासारखे होते. वेग ऐंशीच्या आसपास ठेवला. प्रत्येक वेळी भरलेले लिटर सौभाग्यवतींनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिले. त्या कामी आमच्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

तीन फेऱ्यांचा हिशेब असा. गाडीच्या मीटरप्रमाणे अंतर २४६० किलोमीटर. भरलेले पेट्रोल १३० लिटर. भागाकार १८.९. त्याच अंतरासाठी गाडीचा पडदा सांगत होता २०.३. शिवाय निमाडात सरळ रस्त्यावर आम्ही चाळीस किलोमीटरचे दगड मोजले, तेव्हा मीटरवर ४०.४ आले, म्हणजे अंतरही शंभरात एकाने फुगलेले. ते वजा केले तर खरे मायलेज लिटरला १८.७. सारांश, आमच्या गाडीच्या आकड्यातून शंभरी आठ वजा करावेत. तुमच्या गाडीचा भाग वेगळा असेल, कदाचित काहीच वजा करावे लागणार नाही. पण तो एकदा काढून ठेवावा. चांगली गोष्ट अशी की ही चूक तिन्ही फेऱ्यांत जवळजवळ सारखीच राहिली. रोज पाच मिनिटे पुढे धावणाऱ्या घड्याळाचा उपयोग करता येतो. पाच मिनिटे पुढे आहे हे माहीत मात्र हवे.

मायलेज कमी भरण्याची इतर कारणेही आहेत. गाडी विकत घेताना सांगितलेला आकडा प्रयोगशाळेत, रुळांवर गाडी चालवून काढलेला असतो. तिथे मानपूर नाही आणि राहुडही नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्याने गाडी थोडे जास्त पिते हे खरे. पण ते जास्तीचे पिणे गाडीच्या हिशेबातही येते. म्हणून पडदा आणि वही यांच्यातल्या अंतराचे खापर इथेनॉलवर फोडता येत नाही.

आता राहिले अक्कांचे. इथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. पहिल्या फेरीनंतर त्यांनी निम्मा खर्च विचारला, तेव्हा आम्ही पडद्यावरचा आकडा सांगितला. त्या हिशेबाने फेरीला ४०-४१ लिटर; वहीप्रमाणे लागले होते ४३ च्या वर. म्हाताऱ्या बहिणीवर तेवढाच कमी भार, असा आमचा विचार. गाडीने सांगितलेलाच आकडा असल्याने खोटे बोलल्यासारखेही वाटले नाही.

श्रावणात त्यांनी वही मागितली. चष्मा लावला, बोटाने रकान्यांवरून खाली आल्या आणि तोंडी भागाकार करून म्हणाल्या, “फेरीला तीन लिटर तू खिशातून घातलेस. वर्षाच्या बारा फेऱ्या. पस्तीस लिटर. म्हणजे तुझी एक आख्खी टाकी.”

आम्ही काहीतरी पुटपुटलो.

“अरे, निम्मे द्यायचे ते मी उपकार म्हणून देत नाही. मी निम्मे देते म्हणून तुला दर महिन्याला ये म्हणता येते. तो आकडा खोटा असेल तर माझे म्हणणेही खोटे होते.”

त्यावर उत्तर नव्हते. मागचा फरक त्यांनी त्याच वेळी पाकिटातून काढून हातावर ठेवला. आम्ही तो मुकाट्याने घेतला आणि वहीत जमा केला. नव्या वहीत आता सहावा रकाना आहे : ‘अक्का, निम्मे’. पुढच्या आठवड्यात पुन्हा निघायचे आहे. आदल्या संध्याकाळी टाकी भरून ठेवू. पडद्यावर सरासरी दिसेलच, उतारावर ती चढेलही; पाहायला बरी वाटते, म्हणून पाहू. शिरपूरला मात्र थांबू. सौभाग्यवतींनी तसे शेऱ्याच्या रकान्यात आधीच लिहून ठेवले आहे.